हॉकीतल्या मुलींचा स्प्रिंटचा दम आणि उडीची ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, त्यांचे पालक आणि शाळा-क्लबांचे प्रशिक्षक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्प्रिंटचा दम म्हणजे काय? नेहमीच्या दमापेक्षा तो वेगळा असतो का?

हो, वेगळा असतो. एक जोरदार धाव घेतली, अर्धं मिनिट चालत-जॉगिंग करत काढलं, पुन्हा तशीच धाव, पुन्हा तशीच. दहाव्या धावेचा वेग पहिल्या धावेच्या किती जवळ राहतो, तो स्प्रिंटचा दम. एकसारख्या गतीने पाऊण तास पळू शकणारी मुलगी यात कमी पडू शकते. शंभर मीटरला सुसाट जाणारीही चौथ्या धावेला मोडू शकते. दोन गोष्टी एकत्र लागतात: मुळातला वेग, आणि दोन धावांच्या मधल्या थोड्या वेळात पुन्हा तयार होण्याची क्षमता.

२. हॉकीत उडी कोण मारतं? मग ती मोजायची कशाला?

सामन्यात उडी क्वचितच दिसते, हे खरं. पण उभ्या जागेवरून पहिली तीन पावलं टाकताना, चेंडू चुकल्यावर थांबून उलट वळताना, खाली वाकून टॅकल करून लगेच उठताना पाय जमिनीला जे ढकलतात, तेच उडीत ढकलतात. जोर किती आणि तो किती झटकन लागतो, दोन्ही उडीत दिसतं. शिवाय चाचणीला पाच मिनिटं पुरतात आणि त्यात खेळाडू दमत नाही. पायांत काय चाललंय हे बघण्याची ती खिडकी आहे. मुलींना उंच उड्या मारायला शिकवणं हा हेतू नाही.

३. सामन्यात खरंच किती धावावं लागतं?

मैदान ९१.४ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. सामना १५ मिनिटांच्या चार क्वार्टरचा. महिलांच्या सामन्यात खेळाडू साधारण ५ ते ७ किलोमीटर अंतर कापते. ती किती वेळ मैदानावर होती आणि कुठल्या जागी खेळली, त्यावर हा आकडा बदलतो. यातलं बहुतेक अंतर चालणं आणि जॉगिंग असतं. पूर्ण वेगाच्या धावा थोड्या, आणि बहुतेक पाच सेकंदांच्या आत संपणाऱ्या. निकाल मात्र त्या थोड्या धावांवर लागतो. खेळाडू हव्या तितक्या वेळा बदलता येतात. त्यामुळे आजच्या हॉकीत मैदानावर असेपर्यंत पूर्ण जोर लावावा, अशी अपेक्षा असते.

४. शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात. हे लॅक्टिक ॲसिडमुळे होतं का?

सगळा दोष लॅक्टिक ॲसिडच्या माथी मारायची सवय सोडायला हवी. स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन नावाचा एक छोटा, झटपट वापरता येणारा साठा असतो. सहा सेकंदांच्या जोरदार धावेत त्यातला जवळपास निम्मा खर्च होतो. तो भरून यायलाही वेळ लागतो: अर्ध्या मिनिटाच्या आसपास निम्मा, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. त्याआधीच पुढची धाव आली, तर ती अर्ध्या टाकीवर घ्यावी लागते.

पेनल्टी कॉर्नरचंच बघा, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे समोरच्या संघाला गोलवर मिळणारी संधी. मोठ्या स्पर्धांत कॉर्नर मिळाला की घड्याळ ४० सेकंद थांबतं. गोलरेषेवरून चेंडूवर झेपावणारी पहिली धावपटू आदल्याच क्षणी अर्धं मैदान कापून मागे आलेली असते. त्या ४० सेकंदांत तिचा साठा कितपत भरला, यावर ती ड्रॅग फ्लिक मारणारीपर्यंत (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणारीपर्यंत) वेळेत पोचेल की नाही हे ठरतं. हा साठा भरायला ऑक्सिजन लागतो, म्हणून चांगल्या दमसासाची मुलगी लवकर भरून येते.

सामन्याच्या शेवटी आणखी भर पडते ती स्नायूंतलं ग्लायकोजन (साठवलेली साखर) कमी होण्याची आणि घामावाटे गेलेल्या पाण्याची. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचाही लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतात ते सवय नसलेल्या ताणाने स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

५. मैदानाला रोज दहा राउंड मारले तर दम वाढेल ना?

सुरुवातीचे काही आठवडे वाढेल. मग थांबेल, आणि वेग हळूहळू बोथट व्हायला लागेल. संथ धावण्यात पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो, आणि शरीर त्याच सवयीचं होतं. मी स्वतः पहिली काही वर्षं संघाला राउंड मारायला लावले, चुकीची शिक्षा म्हणूनही लावले, आणि चपळ मुली माझ्या डोळ्यांदेखत संथ केल्या. त्याची खंत आजही आहे.

दमसास हवाच (प्रश्न ४), फक्त तो वेगळ्या वाटेने कमवावा. चार मिनिटं जोरात धावायचं, इतकं की हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर जातील आणि पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग. असं चार वेळा. किंवा १५ सेकंद धाव आणि १५ सेकंद चाल, सलग आठ-दहा मिनिटं. छोट्या मैदानात चौघीविरुद्ध चौघी खेळवल्या तरी जवळपास तेच काम होतं आणि हातात स्टिकही राहते. मला स्वतःला हा शेवटचा मार्ग सर्वांत आवडतो.

६. आमच्याकडे यंत्रं नाहीत. स्प्रिंटचा दम मोजायचा कसा?

दोन मार्कर, एक मोजपट्टी, एक स्टॉपवॉच एवढं पुरतं. २० मीटर जा, वळा, २० मीटर परत या. २० सेकंद विश्रांती. असं सहा वेळा. प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवा.

त्याआधी एकच धाव पूर्ण जोराने घेऊन तिची वेळ नोंदवा आणि पाच मिनिटं थांबा. चाचणीतली पहिली धाव या वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त मंद आली, तर ती मुलगी पुढच्यांसाठी जोर राखून ठेवते आहे. चाचणी थांबवा आणि पुन्हा घ्या. ‘जपून धावणं’ हा या चाचणीतला सर्वांत मोठा घोळ आहे, आणि हुशार मुली तो आधी करतात.

स्टॉपवॉच दर वेळी एकाच व्यक्तीच्या हातात ठेवा. माझ्या एका संघाची वेळ एका महिन्यात एकदम सुधारली होती. शोध घेतल्यावर कळलं, की त्या दिवशी घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं. ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली शंभर मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघताना ०.२४ सेकंद मिळवतात, यावरून अंगठ्याच्या उशिराची कल्पना यावी. मैदानही तेच हवं. ओल्या टर्फवरची वेळ मातीवरच्या वेळेशी जुळवू नका.

७. माझ्या वेळेत घट फक्त एक टक्का आली, मैत्रिणीची चार टक्क्यांच्या वर. म्हणजे माझा दम चांगला ना?

कदाचित, पण हा आकडा एकटा फसवतो. आधी हिशोब बघू. सहा धावांच्या वेळांची बेरीज करायची, तिला सर्वांत चांगल्या वेळेच्या सहापटीने भागायचं. एकाच्या वर जे उरेल, ती घट.

समजा, मैत्रिणीच्या वेळा ७.६, ७.७, ७.९, ८.०, ८.२, ८.२ आहेत. बेरीज ४७.६, आदर्श ४५.६, घट ४.४ टक्के. तुमच्या ८.३, ८.३, ८.४, ८.४, ८.४, ८.५. बेरीज ५०.३, आदर्श ४९.८, घट एक टक्का. आता नीट बघा: तिची सर्वांत वाईट धाव ८.२ आहे, तुमची सर्वांत चांगली ८.३. चेंडूवर सहाही वेळा तीच आधी पोचणार आहे.

ज्याच्याकडे वेग जास्त, त्याच्याकडे गमवायलाही जास्त असतं. म्हणून आधी एकूण वेळ बघा, मग सर्वोत्तम वेळ, आणि घटीचा टक्का सर्वांत शेवटी. तुम्हाला गरज आहे ती वेगाची आणि ताकदीची (प्रश्न १०, १२). मैत्रिणीला प्रश्न ५ मधल्या जोरदार टप्प्यांची.

८. उडी घरी किंवा मैदानावर कशी मोजू?

सर्वांत साधी रीत भिंत आणि खडूची. भिंतीशी बाजू करून उभं राहा, हात पूर्ण वर करून खूण करा, मग उडी मारून वर दुसरी खूण. दोन्हींमधलं अंतर म्हणजे उडी. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही चाचणी अजूनही चांगली आहे. हात झोकून मारलेली उडी कमरेवर हात ठेवून मारलेल्या उडीपेक्षा बरीच जास्त येते, म्हणून दर वेळी पद्धत एकच ठेवा.

दुसरी रीत मोबाइलची. स्लो मोशनमध्ये पायांचा व्हिडिओ घ्या आणि बोटं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. हवेतल्या वेळेचा वर्ग करून त्याला ९.८१ ने गुणा आणि आठने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं: अर्ध्या सेकंदाला ०.३०७, म्हणजे ३०.७ सेंटिमीटर. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम इकडची तिकडे झाली तरी उत्तर चार सेंटिमीटरने बदलतं, तो वापरू नका. उतरताना गुडघे दुमडलेले असतील तर हवेतला वेळ फुकटचा वाढतो. ज्या स्थितीत पाय सुटले त्याच स्थितीत टेकले पाहिजेत.

९. या आठवड्यात उडी दोन सेंटिमीटरने कमी आली. काळजी करू का?

एकदाच आली असेल तर नको. एक-दोन सेंटिमीटरचा चढउतार रोजचाच असतो. तीन उड्यांची सरासरी घ्या आणि तीन-चार आठवड्यांचा कल बघा. सलग दोन आठवडे घसरण असेल, झोप नीट नसेल, वॉर्मअपलाच पाय भरून येत असतील, तर थकवा साचतो आहे. तो आठवडा हलका करा. घसरण तरीही थांबली नाही तर प्रश्न १८ वाचा.

१०. वजनं उचलली तर अंग जड होईल, वेग कमी होईल, अशी भीती वाटते.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेकदा मुलींकडून नाही, त्यांच्या भोवतालच्या माणसांकडून येतो. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) करून हॉकी खेळणारी मुलगी फुगत नाही. स्नायू खूप वाढायला भरपूर सराव, भरपूर आहार आणि वर्षानुवर्षांचा वेळ लागतो. वर हॉकीचं धावणं असतं ते वेगळंच. सुरुवातीच्या महिन्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा आहे तेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतात म्हणून.

मुलांची उडी वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे आपोआप वाढते. मुलींची उंची आणि वजन वाढतं, पण पायांचा जोर त्या प्रमाणात आपोआप वाढत नाही. तेरा-चौदाव्या वर्षानंतर अनेक मुलींची उडी तिथेच अडते. नेमकी ज्यांना ताकदीच्या व्यायामाची जास्त गरज, त्यांनाच त्यापासून लांब ठेवलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

११. मुलगी अकरा वर्षांची आहे. आत्ताच सुरू करावं का?

हो. दोरीउड्या, लंगडी, अंगाच्या वजनाचे स्क्वॉट, नीट उतरायला शिकणं. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हलकी वजनंही चालतात. वजनाने उंची खुंटते, या समजुतीला आधार नाही. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात मुली काही महिने अडखळल्यासारख्या होतात. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखत असेल तर त्या काळात उड्या कमी करा.

१२. उड्यांचे व्यायाम कुठून सुरू करायचे?

उतरण्यापासून. पहिले दोन आठवडे कमी उंचीच्या पायरीवरून उतरायचं आणि गोठल्यासारखं तिथेच थांबायचं. मी मुलींना सांगते, डोळे मिटून एकमेकींचं उतरणं ऐका. धप्प आवाज आला, तर धक्का हाडं-सांध्यांनी घेतला. आवाज नाही आला, तर स्नायूंनी घेतला. समोरून बघताना गुडघे एकमेकांकडे झुकायला नकोत.

मग जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी, एका पायावरून दुसऱ्या पायावर बाजूला झेप. सुरुवातीला एका दिवसात पाय ८० ते १०० वेळा जमिनीला टेकतील, एवढंच काम. दोन सत्रांमध्ये किमान ४८ तास. हे जमल्यावर चेंडूसारखं टप्पा खाऊन उसळणं: ३० सेंटिमीटरच्या बॉक्सवरून उतरून जमिनीला पाय लागताच वर. पाय जमिनीवर पाव सेकंदापेक्षा जास्त रेंगाळला तर बॉक्स कमी उंचीचा घ्या. दमलेल्या पायांनी केलेल्या उड्यांतून जोर वाढत नाही, त्यामुळे आवाज वाढला की त्या दिवसाच्या उड्या संपल्या.

१३. हे सगळं एका आठवड्यात बसवायचं कसं?

ताजे पाय हवेत ते काम आधी, दमवणारं नंतर: वॉर्मअप, स्प्रिंट आणि उड्या, मग वजनं, सर्वांत शेवटी दम. ताकदीचं सत्र आणि मोठं दमसासाचं सत्र एकाच दिवशी आलं, तर मध्ये सहा तास तरी ठेवा. लागोपाठ केलं तर दमसासाचा थकवा जोर खाऊन टाकतो.

दोन दिवस ताकद आणि उड्या, एक दिवस जोरदार टप्पे किंवा छोट्या मैदानावरचा खेळ, एक दिवस पूर्ण विश्रांती, बाकी हॉकी. स्पर्धेआधीच्या चार ते सहा आठवड्यांत पुन:पुन्हा स्प्रिंटचं खास काम घाला: ३० मीटरच्या पाच-सहा धावा, मध्ये २० ते २५ सेकंद, असे दोन-तीन संच आणि संचांमध्ये चार मिनिटं. निव्वळ वेग वाढवायचा असेल त्या दिवशी मात्र दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट थांबा. इतकं थांबणं प्रशिक्षकांच्या जिवावर येतं, मुली ‘नुसत्या उभ्या’ दिसतात. पण मधली विश्रांती कापली की वेगाचा सराव दमाचा सराव होऊन बसतो.

स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात कामाचं प्रमाण निम्म्यावर आणा. जोर तोच ठेवा.

१४. उडी पाच सेंटिमीटरने वाढली, स्प्रिंट आहे तिथेच. असं का?

उडीत जोर वर जातो, धावेत पुढे जायला हवा. नवी ताकद धावण्यात उतरायला काही आठवडे स्प्रिंट मारावेच लागतात. उभ्या उडीसोबत जागेवरून लांब उडी आणि चढावरच्या १०-१५ मीटरच्या धावा घाला. पहिल्या पावलांत छाती लगेच वर येते का, तेही बघा, कारण मग जोर पुढे न जाता वर जातो.

१५. सराव स्टिक घेऊन करायचा की स्टिकशिवाय?

मोकळे हात असताना वेग सर्वांत जास्त मिळतो, स्टिक घेतली की थोडा कमी, चेंडू आला की आणखी कमी. निव्वळ वेगाचं काम स्टिकशिवाय, पुन:पुन्हा स्प्रिंटचं निम्मं काम स्टिकसह. चाचणी कुठल्याही एका पद्धतीने घ्या आणि ती बदलू नका.

इथे एक बाब सुटते. हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच, आणि स्टिकच्या गोलाकार मागच्या बाजूने चेंडू खेळता येत नाही. म्हणजे प्रत्येक खेळाडू वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकते आणि पिळते. ड्रॅग फ्लिक मारणारी तर डाव्या पायावर खोल लंजमध्ये हजारो वेळा जाते. एका पायाच्या उड्या वेगवेगळ्या मोजा. फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर कमी पायाला प्रत्येक सत्रात एक संच जास्त द्या.

१६. गुडघ्याच्या लिगामेंटची भीती वाटते. उड्या टाळाव्यात का?

टाळल्याने धोका कमी होत नाही. सारखं थांबणं-वळणं असलेल्या खेळांत मुलींना एसीएलची (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटची) दुखापत मुलांच्या दुपटी-तिपटीने होते, आणि बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, नुसतं वळताना किंवा उतरताना. नीट उतरायला शिकवणं (प्रश्न १२), एका पायावर तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांनी हा धोका कमी होतो. या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर बसा, मैत्रिणीने घोटे धरून ठेवावेत, आणि धड सरळ ठेवून जमिनीकडे जितकं सावकाश झुकता येईल तितकं झुका. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा. हे वर्षभर करायचं, वॉर्मअपमध्येच बसवा.

गुडघा आधीच सुजलेला असेल किंवा चालताना ‘निसटतो’ असं वाटत असेल, तर एकही उडी नको. आधी डॉक्टर.

१७. पाळीच्या दिवसांत उडी आणि वेग कमी होतो का?

सरासरी बघितली तर फरक फारच थोडा दिसतो. पण सरासरी मैदानात उतरत नाही, तुम्ही उतरता. कुणाला काहीच जाणवत नाही, कुणाच्या पोटात-कंबरेत कळा येऊन पाऊल उचलत नाही. तीन-चार महिने पाळीच्या तारखा, उडी आणि ‘आज कसं वाटलं’ हे एकाच वहीत लिहा. काही जुळतंय का ते तुमचं तुम्हाला दिसेल. प्रशिक्षकांनी सगळ्यांना एकच तक्ता लावू नये, आणि मुलीने आज दुखतंय म्हटलं तर तिच्यावर विश्वास ठेवावा.

१८. सराव नीट चाललाय, तरी धाप लवकर लागते आणि वेळा बिघडतायत. काय बघायचं?

दोन गोष्टी आधी. पहिली, लोह. पाळीत जाणाऱ्या रक्तामुळे खेळाडू मुलींत त्याची कमतरता पुष्कळ दिसते. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला साठा रिकामा असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिनचीही तपासणी सांगायला लावा. गोळ्या मनाने सुरू करू नका.

दुसरी, पोटात पुरेसं जातंय का. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी आणि हाडं यांच्यावरचा खर्च कापतं. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘सराव जोरात चाललाय, त्यामुळे होतं’ असं म्हणून सोडून देऊ नका. ताकद वाढायची थांबते, हाडाला बारीक तडे जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक यांना दाखवा.

१९. क्रिएटिन घ्यावं का?

प्रौढ खेळाडूला रोज ३ ते ५ ग्रॅमने पुन:पुन्हा स्प्रिंटला थोडी मदत होऊ शकते, कारण प्रश्न ४ मधला साठाच त्याने वाढतो. स्नायूंत पाणी धरल्याने वजन किलोभर वाढतं. ते उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, पण डब्यात इतर काही मिसळलेलं असू शकतं, म्हणून स्वतंत्र तपासणी झालेलंच घ्यावं. अठराच्या आतल्या मुलींना मी सांगत नाही.

२०. उड्या मारताना लघवी गळते. कुणाला विचारायचीही लाज वाटते.

तुम्ही एकट्या नाही. मूल न झालेल्या तरुण खेळाडूंनाही हे होतं, उड्यांच्या खेळांत तर बरंच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू धक्क्याच्या क्षणी वेळेवर आवळले जात नाहीत, एवढंच ते असतं, आणि योग्य व्यायामाने बहुतेकींचं सुधारतं. या विषयाची जाणकार फिजिओथेरपिस्ट गाठा. तोवर खोक्यावरून उतरण्याच्या उड्या बाजूला ठेवा आणि पाणी पिणं कमी करू नका, त्याने दम आधी जातो.

बाळंतपणानंतर परतणाऱ्यांना धावणं-उड्या सुरू करायला साधारण तीन महिने थांबायला सांगतात, आणि त्याआधी तपासणी हवी. चालणं, मग एका पायावर तोल, मग जागेवर छोट्या उड्या, या क्रमाने. गळती किंवा खाली ओढल्यासारखं वाटलं की एक पायरी मागे या.

२१. मी गोलकीपर आहे. यातलं मला काय लागू?

उडीचं सगळं, शिवाय बाजूच्या झेपा दुप्पट. शेवटी काही उड्या पॅड घालून करा, म्हणजे त्या वजनाची सवय होईल. सहा गुणिले ४० मीटरची चाचणी (प्रश्न ६) तुमच्यासाठी नाही. त्याऐवजी गोलमध्ये खाली पडून उठणं आणि दुसऱ्या खांबाकडे झेपावणं, सलग पाच वेळा, मध्ये दहा सेकंद, आणि शेवटच्या उठण्याची वेळ पहिलीशी ताडून बघा.